तोडीच्या रानातील वाट

वाटेविषयी आपल्या भाषेत जितके शब्द आहेत, तितके एखाद्या साध्या वस्तूविषयी क्वचितच असतील. पायवाट, आडवाट, चोरवाट, घाटवाट, पाणंद ही नुसती नावे झाली. क्रियापदे पाहू गेल्यास वाट पडते, फुटते, मळते, चुकते, सापडते. आणि माणसांनी तिच्यावरून जाणे सोडले म्हणजे ती मोडते. हा शेवटचा प्रयोग आमच्या बेळगाव-खानापूरकडील वृद्धांच्या तोंडी फार. 'तिकडून आता जाता येणार नाही, ती वाट मोडली,' असे ते सांगतात तेव्हा तेथे दरड कोसळलेली नसते की साकव वाहून गेलेला नसतो. चालणारे पाय तेवढे कमी झालेले असतात. मांडलेला संसार मोडावा तशी वाट मोडते, आणि ती कोणत्या दिवशी मोडली हे कोणालाच सांगता येत नाही.

घाटमाथ्यावरच्या आम्हा मंडळींना मोडलेल्या वाटा नव्या नाहीत. एके काळी बेळगावचा माल रामघाटाने कोकणात उतरत असे. पुढे आंबोलीचा रस्ता झाला आणि रामघाटाची वर्दळ आटली. कणकुंबीच्या आसपास घाट उतरून सत्तरीत जाणाऱ्या कितीतरी पायवाटा होत्या. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर सत्तरीतले. त्यांचे वडील तरुणपणी मीठ व नारळ घेऊन असाच एक घाट चढत आणि गूळ घेऊन खाली उतरत. चोर्ल्याच्या रस्त्याने मोटारी धावू लागल्यावर चढणाऱ्यांचे पाय थांबले. वाटेवर आधी गवत आले, मग घाणेरी आली, आणि मग रानमोडीने उरलेसुरले सारे झाकून टाकले. काळाचा क्रमच हा, असे समजून आम्ही त्याकडे पाहत आलो होतो.

वाट मोडू नये एवढ्यासाठी काही माणसे सुट्टीच्या दिवशी कोयते-करवती घेऊन रानात शिरतात, आणि तेही जे रान त्यांच्या मालकीचे नाही व जे लवकरच समूळ तोडले जाणार आहे अशा रानात, हे आम्ही 2024 च्या अखेरीस न्यूझीलंडमधील रोटोरुआ या गावी पाहिले. आमची कन्या व जावई तेथे राहतात. आम्ही उभयता तीन महिने त्यांच्याकडे होतो. ती दिवाळी आम्ही तेथेच केली. आकाशकंदील लावला तो वसंत ऋतूत, लांबलेल्या संध्याकाळी, आणि हवेत फराळाच्या वासाऐवजी गंधकाचा वास होता. रोटोरुआ हे उकळत्या चिखलाचे व उष्ण झऱ्यांचे गाव. तेथील माणसांना तो वास येईनासा झाला आहे. आम्हांला तो जाण्याच्या दिवसापर्यंत येत होता.

गावाच्या दक्षिण-पूर्वेस वाकारेवारेवा नावाचे रान आहे. विस्तार साडेपाच हजार हेक्टरांच्या घरात. रान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आपोआप वाढलेले काहीतरी उभे राहते. येथे मात्र त्यातला फार मोठा भाग माणसाने ओळीत लावलेला आहे. 1886 च्या जून महिन्यात जवळचा तारावेरा पर्वत फुटला, शंभराहून अधिक माणसे मेली, गावे राखेखाली गेली, आणि त्या प्रांतात आता काय उगवेल याची पंचाईत पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने देशोदेशींची झाडे येथे लावून पाहिली. वायोतापू येथे तर 1901 मध्ये कैद्यांचा तळ टाकून त्यांच्याकडून झाडे लावून घेतली. त्याच वर्षी लावलेले कॅलिफोर्नियाचे रेडवूड वृक्ष आज सत्तर मीटरांच्या वर गेले आहेत. त्यांच्या बुंध्याशी उभे राहिल्यावर मान मागे टाकावी लागते व टोपी पडते, हा आमचा अनुभव. दोन महायुद्धांत कामी आलेल्या वनसेवकांचे स्मारक म्हणून 1947 मध्ये ही राई राखून ठेवली गेली.

परंतु रोटोरुआच्या रानाचे पोट भरते ते रेडवूडवर नव्हे. या देशाने आपले सारे नशीब लावले ते रेडिएटा नावाच्या पाइनवर. हे झाडही कॅलिफोर्नियाचेच. त्याच्या मूळ मुलखात मॉन्टरेच्या किनाऱ्यालगत व आणखी दोनचार ठिकाणी ते मूठभर उरले आहे. येथे मात्र लागवडीच्या वनांत दहांतली नऊ झाडे त्याचीच. रोप लावल्यापासून साधारण अठ्ठावीस वर्षांत ते तोडीला येते. मधल्या काळात खालच्या फांद्या सुमारे सहा मीटरांपर्यंत छाटतात, म्हणजे लाकडात गाठी राहत नाहीत. आणि मधली झाडे काढून रान विरळ करतात. मग एके दिवशी यंत्रे येतात आणि डोंगरच्या डोंगर न्हाव्याने डोके भादरावे तसा साफ होतो. ओंडके बंदरात जातात व तेथून जहाजाने परदेशी. कांडला बंदरात उतरून आपल्याकडेही हे लाकूड कितीतरी आले आहे. बाजारात मालाच्या ज्या पांढुरक्या फळ्यांच्या पेट्या आपण पाहतो, त्यांतल्या काहींनी या डोंगरांवर अठ्ठावीस पावसाळे काढले असतील.

अशा या व्यापारी रानात सायकलींच्या वाटा आहेत. दीडशे किलोमीटरांहून अधिक. रस्त्यावरच्या सायकलींच्या नव्हेत, डोंगरी सायकलींच्या, ज्यांना सर्वत्र माउंटन बाइक म्हणतात. जाड चाकांची ही सायकल 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातच, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यातील डोंगरावर काही हौशी तरुणांनी जुन्या सायकली मोडून-जोडून तयार केली. म्हणजे झाड तिकडचे आणि त्या झाडाखालून धावणारे वाहनही तिकडचेच; दोघे वेगवेगळ्या शतकांत समुद्र ओलांडून येथे एकमेकांस भेटले. रोटोरुआच्या वाटा 1990 च्या दशकापासून वाढत गेल्या आणि 2006 मध्ये या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा येथे भरली. आमच्या जावयांना त्या सायकलीचे वेड आहे. 'बाबा, शनिवारी आम्ही वाट साफ करायला जातो. येता का? बसायला जागा आहे, आणि साप नाहीत,' असे ते म्हणाले. साप नाहीत हे वाक्य ऐकताच सौभाग्यवती उठल्या. त्या देशात साप मुळीच नाहीत, वाघ-बिबट्या नाहीत, वटवाघळांखेरीज जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीही नाही. कोकणच्या माणसास असे रान हे रान वाटतच नाही; देवाने शिक्षा करायचे विसरून गेलेली एखादी शाळा वाटते.

मंडळी पंधरावीस होती. एक शिक्षिका, दोन सुतार, रुग्णालयातील एक परिचारिका, महाविद्यालयीन मुले, आणि सर्वांचा म्होरक्या म्हणून एक माओरी गृहस्थ. वय सत्तरीच्या पुढे. तरुण मंडळी त्यांना 'कोरो' म्हणत. माओरी भाषेत त्याचा अर्थ आजोबा. नावाऐवजी नात्याने हाक मारण्याची ही रीत ऐकून आम्हांस घरच्यासारखे वाटले, आणि वयाने आम्ही त्यांच्याहून फारसे लहान नसूनही आम्हीही त्यांना कोरोच म्हणू लागलो. ते तरुणपणी सरकारी वनखात्यात होते. ते खाते 1987 मध्ये मोडीत निघाले व हजारो माणसांचे काम गेले. कोरो त्यांपैकी एक. पुढे झाडे खाजगी कंपन्यांकडे गेली. जमिनीची कथा निराळी आहे. मध्य उत्तर बेटावरील सरकारी वनांच्या फार मोठ्या जमिनी 2008 च्या कायद्याने माओरी जमातींच्या मंडळास परत मिळाल्या आणि 2009 च्या जुलैत त्यांचे हस्तांतर झाले. तेव्हापासून त्या टापूत जमीन एकाची, तीवरची झाडे दुसऱ्याची, आणि वाटेवर येणारेजाणारे तिसरेच. कुळकायद्याच्या मुलखात वाढलेल्या आम्हा लोकांस ही घडी उमगायला वेळ लागला नाही. मात्र तिच्यातून भांडण न होता काम कसे चालते, याचे नवल वाटले.

काम परवानगीने होते. कोणत्या विभागात त्या दिवशी तोड चालू आहे, कोठे ओंडक्यांच्या गाड्या फिरत आहेत, हे आधी कळते. तो भाग बंद असतो. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात झगझगीत रंगाचे जाकीट. यांत्रिक करवत ज्याने तिचे रीतसर शिक्षण घेतले आहे त्यानेच हातात धरायची. वाऱ्याने आडवे पडलेले झाड दिसायला मेल्यासारखे दिसते, परंतु त्याच्या अंगात ताण दडलेला असतो. ज्या बाजूला ते दबलेले असते तिकडून आधी थोडे कापून मग ताणलेल्या बाजूस हात घालावा लागतो, नाहीतर ते उसळून माणसास उडवते. आम्हांला अर्थातच दाताळे मिळाले. सौभाग्यवतींनी मात्र लांब दांड्याची कात्री हेरून ठेवली होती, ती त्यांनी सोडली नाही.

त्या वाटेची अवस्था आम्हांस परिचित होती. दोन्ही बाजूंनी नेच्यांची पाने आत झुकलेली, ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली वाटेवर आडव्या पसरलेल्या, आणि मधूनमधून पिवळ्या फुलांचे गॉर्स नावाचे झुडूप, ज्याला पानांऐवजी काटेच असतात. हे गॉर्स इंग्रज वसाहतकारांनी शेताच्या कुंपणासाठी आणले. ते कुंपण सोडून देशभर पसरले, आणि त्याचे बी जमिनीत पंचवीसतीस वर्षे जिवंत पडून राहते. म्हणजे पाइनचे झाड लावल्यापासून तोडेपर्यंत ते खाली निजून असते, आणि वर ऊन पडले की उठते. आपली घाणेरीही शोभेचे झाड म्हणूनच आली होती, हे आम्ही कोरोंना सांगितले. त्यांनी मान डोलावली. 'आमच्याकडे आलेल्या साऱ्या पाहुण्यांना प्रथम कोणीतरी प्रेमाने बोलावलेच होते,' ते म्हणाले.

वाट का मोडते याचे शास्त्र त्या दिवशी आम्हांस कळले. पाइनची रोपे लहान असतात तेव्हा ऊन भरपूर असते, म्हणून तण माजते आणि वाट वर्षातून दोनतीनदा साफ करावी लागते. झाडे वाढून शेंडे एकमेकांस भिडले की खाली अंधार होतो. मग काही वर्षे फक्त सुयांसारख्या पानांचा थर पडतो व वाट आपोआप उघडी राहते. पुढे विरळणी झाली की पुन्हा उजेड आत शिरतो आणि नेचे व झुडपे यांचा एकच उठाव होतो. आम्ही जेथे होतो ते रान सत्तावीस वर्षांचे, विरळणी झालेले. शेंड्यांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी उतरत होते आणि पाइनच्या पायथ्याशी त्या देशाचे स्वतःचे रान उभे राहत होते. ज्याच्या पानाची मागची बाजू चांदीसारखी असते तो पोंगा नावाचा वृक्षनेचा आणि माहोए हे झाड त्यांत प्रमुख होते. पाहुण्याच्या सावलीत यजमान वाढत होता म्हणा ना.

साफसफाईचेही नियम आहेत आणि ते आम्हांस मनापासून आवडले. फांदी कापायची ती बुंध्याशी भिडवून; अर्धवट खुंट ठेवला तर तो सायकलस्वाराच्या खांद्यास लागतो. कापलेली फांदी फेकताना तिचे बूड वाटेकडे न ठेवता रानाकडे करायचे. काटेरी वेल मुळापाशी धरायची, नाहीतर सहा आठवड्यांत ती परत हजर. सर्वांत मोठे लक्ष पाण्याकडे. वाटेची बाहेरची कड किंचित उतरती हवी, म्हणजे पावसाचे पाणी आडवे निघून जाते. कडेला सुया व माती साचून बांध झाला की पाणी वाटेवरूनच चालू लागते, आणि पाणी एकदा वाटसरू झाले की दोनचार पावसांत वाटेचा ओढा होतो. आमचे दाताळे याच बांधावर चालले होते. वाट आखताना तिचा चढ त्या डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवू नये, असाही एक ठोकताळा आहे. आमच्या घाटांतल्या जुन्या फरसबंद वाटा नागमोडी का, याचे उत्तर आम्हांस रोटोरुआत मिळाले. बैल दमू नयेत हे कारण होतेच. वाट वाहून जाऊ नये हेही असणार.

काम चालू असता एक लहानसा पक्षी आमच्यामागे लागला. शेपटी पंख्यासारखी उलगडावी, एका फांदीवरून दुसरीवर उडी घ्यावी, पुन्हा शेपटी मिटावी. त्याला पिवाकावाका म्हणतात. माणसाच्या चालण्याने पाल्यातून किडे उडतात, ते टिपण्यासाठी तो मागेमागे येतो. त्याची ही भक्ती पोटासाठी आहे हे ठाऊक असूनही मंडळी त्याच्याशी बोलत होती. सौभाग्यवती तर कोंकणीत बोलत होत्या.

मध्येच एका ओघळापाशी त्या थबकल्या. 'अहो, हे पाहा. सोनटक्का!' पाने तशीच लांब, रुंद, दोन ओळींत लागलेली. फूल नव्हते, तो हंगाम पुढचा. त्यांनी वाकून कंद खरवडला, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. माहेरच्या विहिरीकाठी सोनटक्क्याचा ताटवा होता, संध्याकाळी फुले काढून देवाला आणि वेणीला, हे सारे त्या कन्येला सांगू लागल्या. तोवर कोरो जवळ आले. पाने पाहून त्यांनी खिशातून लाल फीत काढली व रोपाला बांधली. कन्येने हळूच आईला सांगितले: हा सोनटक्क्याचा भाऊबंद, हिमालयाकडून बागांसाठी आलेला, येथे तो रानाचा शत्रू मानला जातो, विकण्यास-लावण्यास बंदी आहे, आणि कंदाचा तुकडा राहिला तरी परत फुटतो, म्हणून खणून काढणारी माणसे वेगळी येतील. सौभाग्यवती काही वेळ बोलल्या नाहीत. मग कोंकणीत एवढेच म्हणाल्या, 'तेचो कितें गुन्यांव?' कन्येने त्याचे भाषांतर केले नाही. कोरोंनी मात्र चेहरा वाचला असावा. त्यांनी फितीची गाठ नीट केली आणि पानावरून एकदा हात फिरवला.

दुपारी ओंडक्यावर बसून भाकरतुकडा खाताना आमच्या मनातला प्रश्न आम्ही विचारला. हे रान पुढील वर्षी तोडायचे आहे, तसे कंपनीने कळवलेही आहे. मग या वाटेवर आज वीस माणसांचा दिवस कशासाठी? आमचा प्रश्न जावयांनी इंग्रजीत नेटका करून मांडला. कोरोंनी चहाचे झाकण लावले आणि सावकाश सांगितले. त्याचा आशय असा: 'पुढील वर्षी तोडतील, आज उभे आहे. तोड झाल्यावर येथे एकही खूण राहणार नाही. खुंट, पाला, चाकांच्या चाकोऱ्या. मग नवी रोपे लावायला माणसे येतील. वाट जिवंत होती, तिच्यावर माणसे येत होती, ती कोणी राखत होते, हे त्यांना दिसले तर तेवढी पट्टी ते मोकळी सोडतात. मोडलेल्या वाटेवर ते सरळ रोपे लावतात. आणि नकाशात रेघ असली तरी वळण कोठे घ्यायचे, पाणी कोठे काढायचे, हे नकाशाला माहीत नसते. ज्याने हाताने साफ केली त्याला माहीत असते. ही मुले आज ते शिकत आहेत. पुढच्या तोडीला मी नसेन.' ही रानाची तिसरी पिढी असल्याचे ते म्हणाले. दुसऱ्या पिढीच्या फांद्या त्यांनी स्वतः शिडीवर चढून छाटल्या होत्या.

माओरी भाषेत 'काइतिआकी' असा एक शब्द आहे: राखणारा, सांभाळ करणारा. तो मालक असेलच असे नाही. गोमंतकातील वाचकांस हा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. गावाच्या वेशीवरचा राखणदार हा कोणत्या सातबाराचा धनी असतो? जमीन कोणाची का असेना, राखण त्याची. कन्येने हे कोरोंना सांगितले तेव्हा ते प्रथमच मोठ्याने हसले, आणि राखणदाराला नैवेद्य काय लागतो याची त्यांनी चौकशी केली. विडा-सुपारी व क्वचित मद्याची धार, हे ऐकून त्यांचा आमच्या देवांविषयीचा आदर वाढलेला दिसला.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. ती आमच्याही मनात आली. आमच्या घाटवाटा मिठासाठी, मोळीसाठी, लेकीला माहेरी आणण्यासाठी तुडवल्या गेल्या. गरज संपली, वाट संपली. तिकडच्या वाटा हौसेच्या. पोट भरलेल्या माणसांनी घाम गाळण्यासाठी काढलेल्या. या दोहोंची तुलना कशी करावी? शिवाय त्या व्यापारी रानाला सारेच काही गोड म्हणता येत नाही. त्याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर तोडीनंतर डोंगरावर पडून राहिलेला पाला-लाकडांचा राडा 2018 च्या जूनमध्ये टोलागा उपसागराच्या परिसरात, आणि 2023 च्या फेब्रुवारीत गॅब्रिएल वादळात, नद्यांतून लोटत खाली आला. त्याने पूल मोडले, शेते गाडली, किनारे ओंडक्यांनी भरले, आणि सरकारला चौकशी बसवावी लागली. आम्ही हे जावयांना बोलून दाखवले. त्यांनी ते नाकारले नाही. 'म्हणूनच रानात माणसांनी फिरत राहिले पाहिजे, बाबा. जेथे कोणी जात नाही तेथे काय चालले आहे ते कोणाला दिसतच नाही,' असे ते म्हणाले. यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

हौसेच्या बाबतीतही आमचे मत हळूहळू बदलले. पंढरीची वाट गरजेची की हौसेची? जत्रेला जाणारा माणूस पोटासाठी जातो काय? गरजेने काढलेली वाट गरज संपताच मरते. प्रेमाने राखलेली वाट थोडी अधिक तग धरते, एवढाच फरक. संध्याकाळी काम आटोपल्यावर दहाबारा वर्षांची एक मुलगी सायकलवरून त्या साफ केलेल्या वाटेने खाली आली. वळणावर तिने पाय टेकला, आम्हां म्हाताऱ्यांकडे पाहून 'थँक यू' म्हटले आणि निघून गेली. सौभाग्यवतींनी कात्री खाली ठेवली व कोरोंना सरळ कोंकणीतच सांगितले, 'चल्ल्यार वाट उरता, ना जाल्यार रान जाता.' या वेळी कन्येने भाषांतर केले. कोरोंनी ते वाक्य दोनदा म्हणवून घेतले.

परत आल्यावर 2025 च्या उन्हाळ्यात आम्ही सत्तरीस गेलो. ज्या घाटाने आमचे सासरे मीठ घेऊन वर येत तो घाट साफ करावा, असा एक विचार सौभाग्यवतींच्या मनात होता. परंतु त्या बाजूचा बराच डोंगर 1999 पासून म्हादई अभयारण्यात आहे. तेथे कोयता चालवणे कायद्यात बसत नाही, आणि खरे सांगायचे तर रास्तही नाही. पट्टेरी वाघाचे रान आहे ते. रोटोरुआच्या निःसर्प रानाचा न्याय त्याला लावता येणार नाही. काही वाटा मोडल्याच पाहिजेत. त्या मोडल्या म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी वाटा वाहत्या राहतात. त्या संध्याकाळी माडाच्या बुंध्याशी बसून सौभाग्यवतींनी आपल्या भावास वडिलांच्या वाटेतली ठिकाणे विचारली: विसाव्याचा दगड कोठे होता, पाणी कोठे मिळे, ओझे कोठे बदलत. भावास त्यांतली तीन आठवली, त्यांना स्वतःला दोन. ती आम्ही वहीत लिहून घेतली. चालता येत नसले तरी वाट कोठून जात होती हे कोणास तरी ठाऊक असावे.

मग घरामागून झरीकडे जाणारी पाणंद निघाली. ती अभयारण्याच्या बाहेर, गावातलीच. नळ आल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हते. रानमोडीने ती कमरेएवढी भरून गेली होती. आम्ही, मेहुणे, त्यांचा नातू आणि शेजारचे एक गृहस्थ असे दोन सकाळी खपलो. रानमोडी मुळासकट उपटली, कापलेल्या फांद्यांची बुडे बाहेर केली, कडेचा बांध फोडून पाण्याला आडवी वाट करून दिली. मेहुण्यांच्या नातवाने विचारले, 'आबा, पाणी तर नळाला येते. मग?' त्याच्या आजोबांनी त्याच्या हाती कोयता दिला, त्याची मूठ नीट धरून दाखवली, आणि कामाला लागले.

ऑगस्टात जावयांचा दूरध्वनी आला. रोटोरुआतील त्या विभागाची तोड झाली होती. डोंगर उघडा पडला आहे, ओळखू येत नाही, असे ते म्हणाले. नवी रोपे लावण्याआधी जुन्या वाटेच्या खुणांसाठी खुंट्या रोवायला मंडळी जाणार होती. कोरोंना चालवत नाही. परंतु ते गाडीत बसून खालपर्यंत येणार होते आणि कोणते वळण कोठे होते ते बोटाने दाखवणार होते. इकडे पाऊस लागलेला होता. पाणंदीतले पाणी आडवे निघून जात आहे, वाट टिकली आहे, असे मेहुण्यांनी त्याच आठवड्यात कळवले होते. ते आम्ही जावयांना सांगितले.